भाकर, पोळी आणि गव्हाची बाधा : सरहद्दीवरच्या एका घराचा इतिहास

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांतल्या मुलांनी पहिले अक्षर बासरला गिरवले आहे. वसंत पंचमीची पहाट, घाटावरचे गार पाणी, देवळाबाहेरची लांबच लांब रांग आणि प्रत्येक आईबापाच्या हातात नवी कोरी पाटी, हे चित्र वेगळे सांगायला नको. माझ्या नातीचा अक्षराभ्यासही तिथेच झाला. तेव्हा तिला चौथे वर्ष सरत आले होते. ती माझ्या मांडीवर बसली होती, पण तिला पाटी धरवत नव्हती. पोट पुढे आलेले, हातापायांच्या काड्या, केस विरळ. शेजारी बसलेल्या एका बाईंनी तेलुगूत कौतुकाने विचारले, "दोन वर्षांची का हो?" मी मान हलवून "हो" म्हणाले. खरे वय सांगायची मला लाज वाटली. ज्ञान सरस्वतीच्या समोर बसून मी खोटे बोलले.

त्यानंतर पुढची तीन वर्षे त्या पोरीचे जे झाले ते थोडक्यात सांगते, कारण अशा गोष्टी अनेक घरांत घडतात आणि त्या सगळ्या सारख्याच असतात. जंताचे औषध झाले. लोहाचे टॉनिक झाले. "खात नाही म्हणून वाढत नाही" असे म्हणून आम्ही तिला जास्त खायला घातले : दुधात कुस्करलेली पोळी, बिस्किटे, रव्याची खीर, शेवया. एका डॉक्टरांना क्षयाची शंका आली. कोणी दृष्ट काढायला सांगितले, तीही काढली. सातव्या वर्षी तिचे हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले, तेव्हा तिला घेऊन मुलगा आणि सून हैदराबादला गेले. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ही दिवसभरात काय काय खाते?" सुनेने यादी सांगितली. यादीतला एकही पदार्थ गव्हावाचून नव्हता. रक्ताची एक तपासणी झाली, मग दुर्बिणीने लहान आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला गेला आणि आजाराला नाव मिळाले : सिलिॲक. गव्हात जो ग्लूटेन नावाचा चिकट भाग असतो, तो या मुलीच्या शरीराला शत्रू वाटतो आणि त्याच्याशी लढताना शरीर स्वतःचेच आतडे सोलून काढते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे जे बारीक अंकुर असतात, ज्यांच्यावाटे अन्न अंगी लागते, ते तिचे जवळजवळ सपाट झाले होते. औषध काही नाही. जन्मभर गहू बंद, एवढाच उपाय.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे घरातल्या बाकीच्यांना "आता काय करायचे" हा प्रश्न पडला तेव्हा मला दुसराच पडला : हे आमच्याकडे आले कुठून? आमच्या सात पिढ्यांत हे नाव कोणी ऐकले नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नामागे मी गेली काही वर्षे जी धावाधाव केली तिचा हिशेब आहे.

सुरुवात घरापासूनच करते. बासर आज तेलंगणात आहे. २०१६पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात. परंतु १९५६पूर्वीचा कागद काढलात तर बासर नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यात सापडेल. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी मुलूख एकाच छत्राखाली होते, त्यामुळे सरहद्द हा शब्द आमच्या आजोबांच्या बोलण्यात नव्हताच. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्ये झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे, तसेच देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे राहिली. त्याच वाटणीत आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि इस्लापूर मंडळ इकडून तिकडे गेले. धर्माबाद महाराष्ट्रात, बासर आंध्रात, मध्ये रेल्वेने काही मिनिटांचे अंतर. रेषा कागदावर पडली, चुलीवर पडली नाही. नदीच्या दोन्ही काठांवर ज्वारीच खाल्ली जात होती. आम्ही तिला भाकर म्हणायचो, शेजारचे तेलुगू घर जोन्न रोट्टे म्हणायचे, आणि दोन्ही घरांतून तव्यावर थापण्याचा आवाज एकच यायचा.

माझी आजी पहाटे चार वाजता जात्यावर बसायची. मला तिची ओवी फारशी आठवत नाही, पण तिचे पिठाबद्दलचे कायदे आठवतात. ज्वारीचे पीठ चार दिवसांपेक्षा जुने ठेवायचे नाही, त्याची विरी जाते. विरी गेली की भाकर थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. मग आधणाचे पाणी घालून पीठ मळायचे, काटवटीत तळहाताच्या मुळाने रगडायचे, तेव्हा कुठे ते एकजीव होते. गव्हाच्या कणकेला हे लाड लागत नाहीत. गार पाण्यात मळा, ताणा, लाटा, ती तुटत नाही. हा फरक का, हे आजीला कोणी सांगितले नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की कणकेला ताणणारी ती वस्तू म्हणजेच ग्लूटेन आणि ज्वारीत ती नसते. इटलीतल्या बोलोन्या शहरातील बेक्कारी नावाच्या विद्वानाने गव्हाचे पीठ पाण्याखाली मळत मळत त्यातले सत्त्व धुऊन काढले आणि हातात उरलेला रबरासारखा गोळा वेगळा केला. त्याचे हे काम १७४५मध्ये छापले गेले. हे वाचून मला हसू आले, कारण आपल्या बायका उन्हाळ्यात कुरडया करताना हेच करतात. गहू तीन दिवस भिजवून वाटायचा, चीक गाळून घ्यायचा, चोथा गाईला. (कुरडई मात्र या आजारात चालत नाही. चीक कितीही गाळला तरी त्यात ग्लूटेनचा अंश राहतो. आमच्याकडे यावर एक मोठे भांडण होऊन गेले आहे.)

तर आमच्या घरात गहू होता, पण तो सणाचा पाहुणा होता. होळीला पुरणपोळी, लग्नात लाडू, जावई आला तर पोळी. काळ्या रानात रब्बीला थोडा बन्सी गहू पेरला जायचा, त्याचे एखाददुसरे पोते घरी यायचे आणि ते आजीच्या किल्लीत असायचे. वेळ अमावस्येला शेतात जे जेवण व्हायचे त्यात ज्वारीची आंबील, उंडे, भज्जी हाच थाट. नागपंचमीला लाह्या, त्याही ज्वारीच्या. पौष-माघात हुरडा. आजारी माणसाला कण्या. मूल दात काढायला लागले की त्याच्या हातात भाकरीचा पापुद्रा. रोजच्या ताटात गहू नाही म्हणजे नाहीच.

मग तो आला कधी? माझ्या आठवणीप्रमाणे रेशनच्या दुकानातून आला. अमेरिकेशी १९५६मध्ये पी. एल. ४८० कायद्याखाली धान्याचा करार झाला आणि पुढे दहा-बारा वर्षे जहाजेच्या जहाजे गहू घेऊन मुंबईच्या बंदराला लागत राहिली. एकट्या १९६६मध्ये देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. तो तांबूस गहू आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आजीने तो पाखडून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "याची भाकर व्हायची नाही." पाठोपाठ पंजाब-हरियाणातल्या हरितक्रांतीचा गहू आला, तो स्वस्त होता आणि वर्षभर मिळत होता. १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीला विसरता येत नाही. मराठवाड्यात ज्वारीची ताटे उभी वाळली, लोक खडी फोडायला गेले, आणि रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळू लागली, जिची भाकर खाऊन माणसे ज्वारीलाच नाके मुरडू लागली. तिकडे शेतातही बदल होत होता. १९६४मध्ये आलेल्या संकरित ज्वारीने उत्पन्न वाढवले, पण तिच्या भाकरीला मालदांडीची चव नव्हती. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली ती मालदांडी, तिची भाकर ज्याने खाल्ली त्याला हायब्रीडची कशी आवडणार? १९८०च्या सुमारास महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांच्या पुढे ज्वारी होती. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही उरली नाही. भैंसा-मुधोळच्या काळ्या रानात ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन उभे आहे.

पण दुष्काळ आणि सरकार यांच्यावर सगळे ढकलले तर ती लबाडी होईल. पोळीला प्रतिष्ठा होती. पोळी हे शहराचे, नोकरीचे, पांढरपेशा घराचे लक्षण होते. भाकर म्हणजे गडीमाणसांचे खाणे. मी लग्न होऊन निजामाबादला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले की आपल्याकडे दोन्ही वेळा पोळी असते. मला ते ऐकून बरे वाटले होते, हे कबूल करायला हवे. पहाटेचे पीठ सुटले, धूर सुटला, थापणे सुटले. पुढे माझ्या सुनेच्या काळात पोळीसोबत ब्रेड आला, नूडल्स आल्या, सकाळच्या चहाबरोबर बिस्किटांचा पुडा आला. म्हणजे आजीच्या घरात वर्षाकाठी दहा-पंधरा वेळा येणारा गहू तीन पिढ्यांत दिवसातून चार वेळा येऊ लागला. माझी नात हे आमच्या घराण्यातले कदाचित पहिले मूल, जिच्या तोंडात दात येण्याआधी बिस्कीट गेले.

आता थोडे दूर जाऊ. हा आजार नवा नाही. कापाडोशियाच्या अरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी पोटाचा असा एक विकार वर्णिला होता, ज्यात अन्न न पचताच बाहेर पडते. पोटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच सिलिॲक हे नाव आले. आपल्या आयुर्वेदातही ग्रहणीचे वर्णन आहेच. मराठी घरांत तर संग्रहणी हा शब्द नुसता उच्चारला तरी बायका पदर तोंडाला लावत. माझ्या आजीची एक बहीण संग्रहणीने गेली असे सांगत, आणि मला क्षणभर मोह झाला होता की हाच तो आजार म्हणून वंशावळीत खूण करावी. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईने असे करू नये. संग्रहणी या नावाखाली अनेक रोग नांदत होते, आणि ती बिचारी तर भाकरच खात होती.

आधुनिक वैद्यकात या कथेची सुरुवात लंडनमध्ये होते. १८८७मध्ये सॅम्युअल गी या डॉक्टरांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात या आजारावर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापले. मूल जर बरे होणार असेल तर ते आहारानेच होईल, हे त्यांनी नेमके ओळखले. त्यांनी एका मुलाची हकीकत दिली आहे. त्याला रोज डच शिंपल्यांतले मांस खायला दिले, तोवर ते बाळसे धरत होते. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा आजारी पडले. इतक्या जवळ येऊनही गी साहेबांनी आपल्या पथ्यात पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाला परवानगी दिली होती! अमेरिकेत १९२४मध्ये सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि ती सुधारली. सगळ्यांनी केळ्याला श्रेय दिले. केळी खाताना पाव सुटला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आम्ही नातीला सांगतो की तू १९२४ साली जन्मली असतीस तर तुला नुसती केळीच खावी लागली असती. त्यावर ती म्हणते, "चाललं असतं."

खरे कोडे सोडवले ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती प्रयोगशाळेत नव्हे तर वॉर्डात आणि स्वयंपाकघरात घडली. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाचा तो प्रमुख होता. १९३०च्या दशकातच त्याला संशय येऊ लागला होता की या मुलांना पावच बाधतो. त्याने काही मुलांना गहू न देता पाहिले आणि १९४१मध्ये त्यावर एक छोटा लेखही लिहिला. जगात युद्ध पेटलेले, लेख डच भाषेत, वाचतो कोण? मग आला १९४४-४५चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपले. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसे उपासमारीने मेली. त्या काळात सगळी मुले खंगत असताना सिलिॲकची मुले तुलनेने सावरली, कारण पाव मिळतच नव्हता. आणि मदत म्हणून पाव पुन्हा आला तेव्हा त्यांचे जुने दुखणे परतले. अनेक लेखांत असे लिहिलेले असते की दुष्काळामुळे डिकेला शोध लागला. तसे नाही. त्याला शंका आधीपासून होती. दुष्काळाने ती पक्की केली. फरक बारीक आहे, पण डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाचे श्रेय दुष्काळाला देऊ नये असे मला वाटते.

युद्धानंतर डिकेने वाइजर्स आणि फान डे कामर या दोघांबरोबर एक साधा हिशेब मांडला : मुलाने किती स्निग्ध पदार्थ खाल्ला आणि त्यातला किती शौचावाटे परत गेला. गहू दिला की तोटा वाढे, बंद केला की कमी होई. १९५०मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्याने यावर प्रबंध सादर केला. १९५२मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी तेच दाखवले आणि दोष गव्हाच्या सत्त्वात नसून ग्लूटेनमध्ये आहे हे स्पष्ट झाले. १९५४मध्ये पॉली यांनी या रोग्यांच्या आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पोट न फाडता नळीने आतड्याचा नमुना काढण्याची सोय १९५६-५७मध्ये झाली. ज्या वर्षी आमचे गाव नांदेडमधून आदिलाबादेत गेले, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे १९९७मध्ये जर्मनीत शरीर नेमके कशावर हल्ला करते ते प्रथिन सापडले आणि रक्ताच्या साध्या तपासणीने निदान जवळ आले.

हे सगळे गोऱ्यांचे, असे कोणी म्हणेल. तसे बरीच वर्षे डॉक्टरही म्हणत होते. पण १९६६मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिॲकवर भारतीय डॉक्टरांचा लेख आला होता, आणि १९७३मध्ये इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांतल्या मुलांवरही लॅन्सेटमध्ये लिहिले गेले. २०११मध्ये दिल्लीच्या परिसरातल्या पाहणीत दर ९६ माणसांत एकाला हा आजार असल्याचे दिसले. मला मात्र सर्वांत बोलका वाटला तो २०१६चा अभ्यास. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या मिळून सुमारे २३ हजार प्रौढांचे रक्त तपासले गेले. उत्तरेत आजाराचे प्रमाण शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत फक्त ०.१० निघाले. आता गंमत पाहा. या आजाराला जी अनुवंशिक घडण लागते ती तिन्ही ठिकाणी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत होती, म्हणजे उत्तरेत आणि दक्षिणेत फारसा फरक नव्हता. फरक होता ताटात. उत्तरेत माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येतही गहू थोडाच, ३७ ग्रॅम, तरी तिथे आजार बराच, म्हणजे सगळेच गव्हाच्या मापाने उलगडत नाही, हेही सांगायला हवे. तरीपण उत्तर आणि दक्षिणेचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा मला आजीचे काटवट डोळ्यांसमोर आले.

बासर या दोन हिंदुस्थानांच्या मधोमध आहे. नदीच्या खालच्या अंगाला भाताचा मुलूख, वरच्या अंगाला एकेकाळचा भाकरीचा. माझा तर्क असा, आणि हा तर्कच आहे, की ती घडण आमच्या रक्तात पिढ्यानपिढ्या होती. भाकरीखाली ती झाकलेली होती. भाकर सुटली आणि ती उघडी पडली.

इथे वाचकांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर लेख अपुरा राहील. पहिली, शंका आली म्हणून आपणच गहू बंद करून बसू नका. आधी तपासणी, मग पथ्य. गहू सोडल्यावर काही दिवसांनी रक्तातली खूण पुसट होते आणि निदान अवघड होऊन बसते. दुसरी, गहू न सोसणारा प्रत्येक जण सिलिॲकचाच असतो असे नाही. काहींना गव्हाची ॲलर्जी असते, काहींना नुसतेच पोट फुगते, आणि हल्ली फॅशन म्हणून गहू सोडणारेही आहेत. तिसरी, खपली गहू जुना आहे, देशी आहे, पण तो गहूच आहे. जव म्हणजे सातूही चालत नाही. हिंगात मैदा असतो, हे कळले तेव्हा सुनेने डब्यातला हिंग अक्षरशः अंगणात फेकला. हैदराबादचे उस्मानिया बिस्कीट मैद्याचे, आणि ज्या घरांत मांसाहार चालतो त्यांनी लक्षात ठेवावे की हलीमच्या भांड्यातही गहू शिजलेला असतो. चौथी गोष्ट गिरणीची. आम्ही नातीसाठी ज्वारी दळून आणायला लागलो, तरी तिचे पोट दुखणे थांबेना. शेवटी उलगडले की गिरणीत आमच्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असायचा. जगभर ज्याला ग्लूटेनमुक्त म्हणतात त्याची मर्यादा एक किलोला २० मिलिग्रॅम आहे, आपल्या सरकारचा नियमही तोच. दगडाच्या फटीतला गहू एवढा सहज भरतो. माळ्यावरचे आजीचे जाते काढावे असे माझ्या मनात आले होते. ते दोघांना उचलले नाही. घरगुती गिरणी आणली.

पथ्य सुरू झाल्यावर दीड महिन्यात पोरीला भूक लागू लागली. वर्षभरात ती सव्वातीन इंच वाढली. आणि नेमके तेव्हाच माझ्या हातून चूक झाली.

घरी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा, अर्थातच सव्वा मापाचा, रव्याचा. नात समोर उभी. आम्हा बायकांच्या मनात कथेतली कलावती कायमची बसलेली असते. तिने प्रसाद टाकला आणि काठाशी आलेली नवऱ्याची नौका बुडाली. आठ वर्षांची मुलगी देवाचा प्रसाद नाकारते आहे, हे मला सोसेना. मी म्हणाले, "एवढ्याशाने काय होतं? देवाचं आहे." सून आत होती. मी बोटावर घेतला आणि तिला चाटवला. त्या रात्री तिला चार वेळा उलटी झाली, दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. सून मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी मी पोथी काढली. पन्नास वर्षे ऐकलेली कथा, पण आपण कथा ऐकतो, पूजेचे साहित्य गुरुजींवर सोडतो. नैवेद्याच्या ठिकाणी मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. गव्हाचे पीठ घ्यावे, ते नसेल तर तांदळाचे पीठ घ्यावे, असे पोथीत स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्या देवाच्या भीतीने मी पोरीला विष चाटवले त्याच्या पोथीने तांदळाला पूर्वीच मुभा दिली होती. मी बासरला आमच्या ओळखीच्या गुरुजींना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, "आजी, इकडे तांदळाला कोण नाही म्हणणार?" तेव्हापासून आमच्याकडे सत्यनारायणाला तांदळाच्या रव्याचा शिरा होतो. चवीला थोडा वेगळा लागतो, तूप जास्त खातो, आणि कोणाचीही नौका बुडालेली नाही.

आजार घराण्यात असतो म्हणून डॉक्टरांनी आईबापांचे आणि भावाचेही रक्त तपासायला सांगितले होते. आम्ही वर्षभर टाळले. भाऊ ठणठणीत निघाला. माझा मुलगा मात्र, ज्याला आयुष्यात कधी पोटाची तक्रार नव्हती, फक्त "रक्त कमी आहे" असे कॉलेजपासून सांगत आले होते, तो निघाला. म्हणजे ती घडण बहुधा माझ्याकडून किंवा ह्यांच्याकडून आली असणार. त्याला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पोळी सोडणे जड गेले. मुलीचे पथ्य पाळणारा बाप स्वतःच्या पथ्यात चोरी करायचा आणि मुलगीच त्याला पकडायची. आता दोघांसाठी तवा वेगळा आहे, पोळपाट वेगळा आहे आणि घरात भाकर परत आली आहे. ती थापायला मला पुन्हा शिकावे लागले. हात विसरले होते. पहिल्या दिवशी चारही भाकरी मोडल्या. नात म्हणाली, "आजी, विरी गेली का?" हा शब्द तिने माझ्याकडूनच ऐकला असेल, पण तो तिच्या तोंडून ऐकून मला माझी आजी दिसली.

ती आता तेरा वर्षांची आहे, वर्गात उंचीने तिसरी. यंदाच्या वसंत पंचमीला तिच्या धाकट्या चुलतभावाचा अक्षराभ्यास होता. ती डब्यात भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन बासरला आली. व्यासांनी गोदावरीतली वाळू मुठीत आणून मूर्ती घडवल्याची कथा तिने भावाला सांगितली. घाटावर डबा उघडला तेव्हा शेजारच्या एका तेलुगू आजींनी वाकून पाहिले आणि "जोन्न रोट्टे!" म्हणत अर्धी भाकर मागून घेतली.

गणपतीत आमच्या या मुलीची मौज असते, कारण उकडीचा मोदक मूळचाच तिचा. तळणीचा मात्र नाही, त्याची पारी कणकेची. या वर्षी आपल्या मंडळाच्या महाप्रसादात कार्यकर्त्यांनी एक टेबल वेगळे ठेवायचे कबूल केले आहे : वरणभात, ज्वारीची भाकर, तांदळाची खीर, आणि फोडणीत हिंग नाही. वाढणाऱ्यांना एकच विनंती, शिऱ्याचा किंवा पुरीचा झारा त्या टेबलावरच्या भांड्यांत घालू नका. त्या टेबलाशी नात स्वतः उभी राहणार आहे, आणि ती फार कडक आहे.